बोटीवरची माणसे

लखनौच्या छावणीतून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना तेथील पाट्यांचे काही विशेष वाटत नाही. लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालय येथे आहे, अकराव्या गोरखा रायफल्सचे केंद्र येथे आहे आणि लष्कराच्या वैद्यकीय दलाचे केंद्रही येथेच आहे. त्यामुळे या शहरात माजी सैनिक पावलोपावली भेटतो आणि त्याची ओळख विचारण्याची एक ठरलेली रीतही आहे. माझे वडील नौदलात होते असे सांगितले की येथील सहकारी हमखास विचारतात, "अच्छा, कौन-सी रेजिमेंट?" नौदलात रेजिमेंट नसते, असे सांगितले की समोरचा क्षणभर गोंधळतो. मग पुढचा प्रश्न येतो, "तो फिर रिटायर होके जाते कहाँ हैं?"

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

पायदळाच्या माणसाला आपले घर असते. मराठा लाइट इन्फंट्रीचेच पाहा. तिची सर्वात जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली. तेव्हापासून राजवटी बदलल्या, गणवेश बदलले, शत्रूही बदलले, पण पलटण आहेच. बेळगावच्या केंद्रात साताऱ्या-कोल्हापूरकडचा ऐंशी वर्षांचा निवृत्त हवालदार गेला, तर त्याने ज्या पलटणीत आयुष्य काढले तिचे नाव तेथे जिवंत असते. त्याच्या जागी आज त्याच्या नातवाच्या वयाचा पोरगा उभा असतो. म्हाताऱ्याने स्वतःची ओळख पटवून देण्याची गरज नसते.

नौसैनिकाचे तसे नाही. मुंबई, कोची, विशाखापट्टणम येथे तळ आहेत, पेन्शनच्या कचेऱ्या आहेत, जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय आहे. कागदोपत्री त्याला कोणी वाऱ्यावर सोडलेले नाही. पण त्याच्या आठवणी ज्या जागेशी बांधलेल्या असतात ती जागा म्हणजे जहाज. त्याची पलटण, त्याचे गाव, त्याची खानावळ आणि युद्धाचा प्रसंग आलाच तर त्याची रणभूमी, हे सगळे त्या एका लोखंडी पेटीत असते. दोन-तीन वर्षे माणूस तेथे राहतो, मग बदली होते, दुसरे जहाज किंवा किनाऱ्यावरची नेमणूक. आणि जहाजाला आयुष्य असते. तीस-पस्तीस वर्षांनी ते थकते. सूर्यास्ताला निशाण उतरते, पुढे कधीतरी गॅसकटर घेतलेली माणसे येतात आणि त्याचे तुकडे होतात. म्हातारपणी नौसैनिकाला ‘माझे जहाज’ दाखवायचे असेल तर दाखवायला बहुधा काहीच नसते. जुन्या खलाशांनी आपापल्या जहाजाच्या नावाने मंडळी जमवण्याचे कारण हे आहे. पलटणीत माणसे जातात आणि घर उरते. जहाजाच्या बाबतीत घर आधी जाते आणि माणसे मागे राहतात. घर गेल्यावर घरच्यांनी एकमेकांना धरून कसे राहावे, हा त्या मंडळींपुढचा खरा प्रश्न असतो.

आपल्या महाराष्ट्राचा या व्यवसायाशी संबंध जुना आहे. कान्होजी आंग्रे सर्वांना ठाऊक आहेत, मुंबईतील नौदलाच्या एका तळाला त्यांचे नाव आहे आणि २०२२ साली नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकटही आली. पण सरदारांच्या मागे वल्ही मारणारी, दोर ओढणारी आणि पुढे कोळसा टाकणारी माणसे कोठून आली, हे कोणी फारसे सांगत नाही. इंग्रजी अमदानीत रॉयल इंडियन मरीन नावाचे जे दल होते, त्याची खलाशांची भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून होत असे आणि त्यातही कोकणी मुसलमान घराण्यांचा वाटा मोठा होता. १९३४ साली या दलाचे नाव रॉयल इंडियन नेव्ही झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात भरती देशभरातून होऊ लागली आणि पंजाबपासून मद्रासपर्यंतची शिकलेली तरुण मुले एका मेसमध्ये जेवू लागली.

त्याच मुलांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत संप पुकारला. सुरुवात ‘तलवार’वर झाली. हे जहाज नव्हते, किनाऱ्यावरची संदेशयंत्रणेची शाळा होती, पण नौदलाच्या रिवाजाप्रमाणे तिलाही जहाजासारखेच नाव. खराब अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही निमित्ते होती. दोन दिवसांत ७८ नौका आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात आले. २३ तारखेला सगळे संपलेही. शेकडो जणांना काढून टाकले गेले आणि दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला तरी त्यांना परत घेतले नाही. या माणसांजवळ पेन्शन नव्हती, म्हणून ती सरकारी अर्थाने माजी सैनिकही नव्हती. मुंबईत कुलाब्याला त्यांचे स्मारक झाले ते थेट २००१ साली, ४ डिसेंबरला, म्हणजे उठावानंतर पंचावन्न वर्षांनी. तोवर त्यांना एकमेकांशिवाय कोण होते? ज्याला सरकारने यादीतून खोडले, त्याला ‘हा आमचा’ म्हणणारे बरोबरचे सोबतीच. सोबत्यांच्या मंडळीची यादी आणि सरकारची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट दिसते.

आता ‘विक्रांत’कडे येऊ. ‘विक्रांत’ म्हणजे १९६१ ची, जुनी.

ही विमानवाहू नौका मूळ इंग्रजांची. महायुद्धात बांधायला घेतली, १९४५ मध्ये पाण्यात उतरली आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टच्या गोदीत ती भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा समारंभाला इंग्लंडमधील आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित होत्या. येथे थोडे विषयांतर, पण लखनौच्या मराठी माणसाला ते आवडेल. विजयालक्ष्मीबाई १९३७ साली याच शहरात संयुक्त प्रांताच्या मंत्री होत्या. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित हे मराठी. घराणे मूळ कोकणातले, वास्तव्य राजकोटला. ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच. तुरुंगवासात प्रकृती ढासळली आणि १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौतच त्यांचे निधन झाले. म्हणजे विक्रांतला भारतीय नौदलात घेणारी बाई एका कोकणी घराची सून होती आणि तिचे कुंकू या शहरात पुसले गेले होते. असो.

३ नोव्हेंबर १९६१ रोजी विक्रांत मुंबईला आली. हजाराहून अधिक माणसे तिच्यावर राहत. वैमानिकांचे फोटो वर्तमानपत्रांत येत, पण एक विमान वर उडवायचे तर खाली किती माणसे लागतात याचा हिशेब कोणी छापत नाही. सी हॉक विमान इतक्या आखूड पट्टीवरून स्वतःच्या बळावर उडत नसे. त्याला वाफेच्या दट्ट्याने पुढे फेकावे लागे, आणि जहाजाने वाऱ्याकडे तोंड करून वेगात धावावे लागे, म्हणजे पंखांना समोरून वारा मिळे. दट्ट्यालाही वाफ आणि धावण्यालाही वाफ. वाफ येणार बॉयलरमधून. बॉयलर चार. आणि १९७१ चे युद्ध तोंडावर आले तेव्हा त्यांतल्या एकाला तडे गेलेले होते.

तो बॉयलर बदलायचा तर जहाज दीर्घकाळ गोदीत ठेवावे लागणार होते. नौदलाने ठरवले की तडे गेलेला बॉयलर बंद ठेवायचा, वेग कमी झाला तरी चालेल, पण जहाज बंगालच्या उपसागरात न्यायचे. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ती गेली. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावचे बंदर गाठले. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विक्रांतच्याच शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली होती. ती ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तेथेच बुडाली.

माझे वडील त्या वेळी विक्रांतच्या बॉयलर विभागात होते. गुहागरकडच्या खेड्यातून मुंबईला आले, भरतीच्या रांगेत उभे राहिले आणि स्टोकर झाले. युद्धाविषयी त्यांना विचारले की ते फक्त उष्णतेविषयी बोलत. खाली दिवस आहे की रात्र हे कळत नसे. वर विमान उडाले की दट्ट्याचा हादरा संपूर्ण जहाजातून जाई, त्यावरून ते मोजत, एक गेले, दोन गेले. परतलेली मोजता येत नसत, म्हणून सुटी झाली की वर जाऊन विचारत. आईला या काळात पत्र नव्हते. नौसैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसे. नाव, जहाज आणि पुढे ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ एवढेच. जहाज कोठे आहे हे पत्त्यावरून कळू नये, हाच त्या पत्त्याचा हेतू. ती सासरी गुहागरला होती. रेडिओ गावात एकच, खोताच्या घरी. विक्रांत बुडाल्याची आवई पाकिस्तानच्या बाजूने उठवली जात होती आणि ती खोताच्या पडवीतून आमच्या घरापर्यंत आली होती.

वडील २००९ साली गेले. विक्रांत त्यांच्याही आधी, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली होती. पुढे काही वर्षे मुंबईत ती तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. वडील एकदा तिकडे जाऊन आले आणि ज्या जागी त्यांनी काम केले तेथे पाहुण्यांना उतरू देत नाहीत म्हणून थोडे खट्टू झाले. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले, २०१४ मध्ये जहाज लिलावात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण जहाज वाचले नाही. दारूखान्यात तिचे तुकडे झाले. काही धातूपासून मोटारसायकली निघाल्या, काही धातू नौदलाच्या लायन गेटजवळच्या स्मारकात आहे. २५ जानेवारी २०१६ रोजी त्या स्मारकाचे अनावरण झाले. जहाज मोडू नये म्हणून ज्यांनी हाकाटी केली त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. खाऱ्या पाण्यात उभे असलेले इतके जुने लोखंड टिकवायला पैसा लागतो आणि तो कोणी कायमचा देत नाही. त्या काळात जितकी धडपड लोखंड वाचवण्यासाठी झाली, तिच्या दशांशाने जरी खालच्या मजल्यांवर काम केलेल्यांच्या आठवणी लिहून घेण्यासाठी झाली असती, तर आज काहीतरी हाती असते.

जहाज मोडल्यानंतर वडिलांचे जुने सोबती एकमेकांना शोधू लागले. मंडळी छोटी, कोणी मुंबईला, कोणी कोचीला, एक जण पंजाबात. त्यांनी एक साधा अर्ज तयार केला. नाव, नौदलातील क्रमांक, शाखा, जहाजावर केव्हापासून केव्हापर्यंत, आणि सेवापुस्तिकेच्या त्या पानाची झेरॉक्स. हुद्दा विचारलेला नव्हता. हे मला विशेष वाटले. कारण विचारल्यावर कळले की मुद्दामच विचारलेला नाही. हुद्दा विचारला की खुर्च्यांची रांग लावावी लागते, आणि खुर्च्या लावल्या की अर्धे लोक येत नाहीत.

हा अर्ज वडिलांच्या नावाने लखनौच्या पत्त्यावर आला. ते हयात नाहीत हे कळवावे म्हणून मी दूरध्वनी केला. पलीकडून एका वृद्ध गृहस्थांचा आवाज, मराठी रायगडकडचे. बातमी ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्ज फाडू नकोस. वहिनींचे नाव घाल."

मी आईला सांगितले. ती म्हणाली, "मी कुठे बोटीवर होते?" आमच्याकडे कोकणात युद्धनौकेलाही बोटच म्हणतात.

आईचा प्रश्न सोपा वाटतो, पण जगातल्या अशा सगळ्या मंडळींना तो कधी ना कधी सोडवावा लागला आहे. कोण आपला? जो जहाजावर होता तोच, की त्याची वाट पाहणाराही? केवळ पहिल्यांनाच घ्यायचे तर मंडळाचा शेवट ठरलेला असतो, कारण शेवटचा सभासद गेला की दाराला कुलूप. दुसऱ्यांना घ्यायचे तर दहा-वीस वर्षांत मंडळात एकही असा माणूस उरत नाही ज्याने त्या जहाजावर पाऊल ठेवले आहे. मग ते मंडळ कोणाचे?

इंग्लंडच्या ‘हुड’ या युद्धनौकेची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. २४ मे १९४१ रोजी जर्मन ‘बिस्मार्क’शी लढताना ती काही मिनिटांत बुडाली. १,४१८ माणसांपैकी ३ वाचली. अशा जहाजाच्या माजी खलाशांनी १९७५ साली आपली संघटना काढली. बुडण्यापूर्वी वीस वर्षे हुड सेवेत होती, त्या काळात तिच्यावर काम करून बदलून गेलेले पुष्कळ जण हयात होते. पण गेलेल्यांचे नातलगही संघटनेत घेतले गेले. तीन वाचलेल्यांपैकी शेवटचे टेड ब्रिग्ज. २००१ मध्ये समुद्राच्या तळाशी हुडचे अवशेष सापडले तेव्हा त्यांनी त्या जागी जाऊन स्मृतिफलक खाली सोडला. २००८ मध्ये तेही गेले. संघटना मात्र चालूच राहिली. २०१५ मध्ये जहाजाची घंटा वर काढण्यात आली, ती आता पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहे. बुडालेल्यांची नावे, फोटो, वाचलेल्यांच्या हकिकती आज ज्यांनी जपल्या आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते जहाज कधी पाहिलेले नाही.

अमेरिकेच्या ‘ॲरिझोना’ची तऱ्हा अगदी उलटी. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यात ती बुडाली, १,१७७ माणसे गेली. हल्ल्याच्या दिवशी जे तिच्यावर नेमणुकीस होते आणि वाचले, त्यांच्या अस्थी त्यांच्या मृत्यूनंतर बुडालेल्या जहाजात ठेवण्याची सोय झाली. नियम कडक, त्या दिवशीची नेमणूक हवीच. चाळीसहून अधिक जण असे आपल्या सोबत्यांकडे परतले. वाचलेल्यांपैकी शेवटचे, लू कॉन्टर, १ एप्रिल २०२४ रोजी १०२ व्या वर्षी वारले. ती यादी आता कायमची बंद आहे.

मला पहिली रीत पटते. दुसरीतले वैभव मला कळते, पण मागे राहिलेल्यांना ती काही देत नाही. आपल्याकडची ‘खुकरी’ घेतली तर हे अधिक स्पष्ट होईल.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने पाणतीर मारून खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचले ६७. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. मुल्लांचा जन्म गोरखपूरचा, म्हणजे आपल्या या उत्तर प्रदेशातला. जहाज सोडण्याची संधी असताना त्यांनी ती घेतली नाही, ही कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचली आहे. पण १९४ घरांचा विचार करा. त्यांपैकी कित्येक घरे समुद्रापासून शेकडो मैलांवरची. ना प्रेत, ना अंत्यविधी, ना समाधी. जागा दाखवायची तर समुद्रातला एक आकडा. या घरांना खुकरीच्या माणसांच्या यादीबाहेर ठेवायचे म्हटले, तर यादीत फक्त ६७ नावे उरतात आणि तीही दर वर्षी कमी होतात. दीवला समुद्राकाठच्या टेकडीवर खुकरीचे स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. त्या नावाची दुसरी नौका १९८९ साली नौदलात आली. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली होती. २०२१ च्या डिसेंबरात तीही निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाच्या हवाली करण्यात आली. आता दीवला जाणाऱ्या विधवेला किंवा मुलाला निदान जाण्यासारखी जागा आहे.

आईचा अर्ज मी भरून पाठवला. ‘शाखा’ या रकान्यात काय लिहायचे हा पेच होता. पलीकडच्या काकांना विचारले तर म्हणाले, "किनारा लिही." तसेच लिहिले. आता दर ४ मार्चला, विक्रांतच्या वाढदिवशी, तिला सकाळपासून फोन येतात. तिला त्यांतले चेहरे ठाऊक नाहीत, पण आवाज ओळखते. पंजाबातले काका हिंदीत बोलतात आणि ती त्यांना लखनवी वळणाच्या हिंदीत उत्तर देते. वडिलांनी आम्हांला कधी न सांगितलेल्या चार गोष्टी या फोनांवर कळल्या. तडे गेलेल्या बॉयलरच्या शेजारी पहारा देण्यासाठी पाळ्या लागत तेव्हा ते दुसऱ्याची पाळीही घेत, ही त्यांतली एक. ती ऐकून आई दोन दिवस त्यांच्यावर रागावलेली होती.

हे सगळे लखनौच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ‘गोमती’ हे आहे.

नौदलासाठी माझगाव गोदीत एकाच आराखड्याच्या तीन फ्रिगेट बांधल्या गेल्या. त्यांची नावे गोदावरी, गंगा, गोमती. पहिली आपल्या त्र्यंबकेश्वरची, तिसरी आपल्या दारातली. नावे ठेवणाऱ्याच्या मनात लखनौचे महाराष्ट्रीय नसावेत, पण याहून चांगला योग आम्हांला साधला नसता. हा आराखडा भारतीय नौदलाने स्वतः केलेला. आधीच्या नीलगिरी वर्गातील जहाजांची ३०,००० अश्वशक्तीची वाफेची यंत्रेच ठेवली आणि जहाज मात्र मोठे केले. वेग थोडा कमी झाला, पण दोन सी किंग हेलिकॉप्टरे मावली. तोफा-क्षेपणास्त्रांत रशियन, पाश्चात्त्य आणि भारतीय असा तिहेरी मेळ होता. सुमारे तीनशे माणसे तिच्यावर राहत.

गोमती १९ मार्च १९८४ रोजी पाण्यात उतरली आणि १६ एप्रिल १९८८ रोजी नौदलात दाखल झाली. समारंभाला तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत होते, म्हणजे उत्तर प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंतांचे चिरंजीव. कुमाऊंचे हे पंत आपले पूर्वज महाराष्ट्रातून आल्याची परंपरा सांगतात. विक्रांतच्या वेळी पंडित आणि गोमतीच्या वेळी पंत!

दाखल झाल्याच्या वर्षीच, नोव्हेंबर १९८८ मध्ये, मालदीवमध्ये बंड झाले. आग्र्याहून छत्रीधारी सैनिक विमानाने गेले आणि पळणाऱ्या बंडखोरांचे जहाज समुद्रात नौदलाने अडवले. या ‘कॅक्टस’ मोहिमेत गोमतीने भाग घेतला. पुढे २००१-०२ च्या ‘पराक्रम’ मोहिमेत ती होती आणि २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर श्रीलंकेला मदत नेणाऱ्या ‘रेनबो’ मोहिमेतही होती. गोदावरी २०१५ मध्ये निवृत्त झाली, गंगा २०१८ मध्ये. ३४ वर्षांच्या सेवेनंतर २८ मे २०२२ रोजी, मुंबईच्या नौदल गोदीत सूर्यास्ताच्या वेळी, गोमतीचेही निशाण उतरले. त्याच वेळी जाहीर झाले की तिच्यावरील काही युद्धसामग्री लखनौत, गोमती नदीच्या काठी, खुल्या संग्रहालयात मांडली जाईल. मुंबईत जन्मलेले जहाज म्हातारपणी आपल्या नावाच्या नदीवर येणार, ही कल्पना ज्याने काढली त्याला माझा नमस्कार.

पण विक्रांतच्या वेळी जे झाले ते येथे होऊ नये. लोखंड येईल, त्याला रंग लागेल, पाटी लागेल, मुले तोफेवर चढून फोटो काढतील. माणसांचे काय? तीनशे माणसे एका वेळी, दर दोन-तीन वर्षांनी बदल, चौतीस वर्षे. माझ्या अंदाजे हिशेबाने तीन-चार हजार माणसे तरी गोमतीवर राहून गेली असतील. त्यांतली मराठी पुष्कळ असणार, उत्तर प्रदेशातलीही असणार. १९८८ च्या पहिल्या तुकडीतले जे तेव्हा विशी-पंचविशीत होते, ते आता साठीच्या आसपास आहेत. बोलायला, आठवायला, तारखा नीट सांगायला हेच वय योग्य. नंतर आठवणी राहतात पण तारखा सुटतात, हे मी घरी पाहिले आहे.

म्हणून आपल्या मंडळाने एक वही घातली आहे. ती उत्सवाचे दहा दिवस मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी असेल आणि नंतर मंडळाच्या कार्यालयात. आपण स्वतः, आपले यजमान, वडील, सासरे, भाऊ, शेजारी, कचेरीतले सहकारी, कोणीही कोणत्याही युद्धनौकेवर राहिले असतील तर त्यांचे नाव, जहाज आणि वर्षे तीत लिहावीत. गोमतीवर असतील तर शक्य तेवढे तपशीलवार लिहावे. मराठीच असले पाहिजे असे नाही आणि हुद्दा लिहायचा नाही. घरात जुनी पत्रे असल्यास पत्त्याची बाजू पाहावी. गावाचे नाव नसेल आणि ‘फ्लीट मेल ऑफिस’ असेल, तर त्याच्या अगोदरचा शब्द जहाजाचा. ग्रुप फोटोंच्या मागेही पुष्कळदा जहाजाचे नाव व वर्ष पेन्सिलीने लिहिलेले असते, तेव्हा फोटो चौकटीतून काढून पाहायला हरकत नाही. वहीत शाखेचा एक रकाना आहे. स्वयंपाकी, तोफची, स्टोकर, सिग्नलवाला, जे असेल ते लिहावे, आणि घरी राहिलेल्यांनी ‘किनारा’ लिहावे. पहिल्या ओळीत आईचे नाव घातले आहे.